बुडणारा कापूस

देवकाबाईच्या पट्टीत सरकी सापडली आणि तिथून सगळं फिरलं. पण आधी देवकाबाई कोण, पट्टी कसली आणि ती सोडणारी सुनयना कोण, हे सांगायला हवं. लवकर सांगते, पाल्हाळ लावणाऱ्यांचा मला स्वतःलाच कंटाळा आहे.

सुनयना आमच्या गावच्या उपकेंद्रातली नर्स. गाव बेला मंडलातलं, शे-सव्वाशे घरांचं. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगणात आम्ही, आणि दोन्ही काठांना कापूस. मराठी घरांत ती ‘सिस्टर’, तेलुगू घरांत ‘सिस्टरम्मा’. वय बेचाळीस, बांधा आडवा, चाल भरभर, आवाज मात्र हळू. तिचे वडील चंपत नेरडीगोंड्याकडे दुसऱ्याच्या शेतात सालदार होते. पोरगी शिकतेय म्हटल्यावर त्यांनी तिला निर्मल शहरात नेऊन नर्सिंगच्या शाळेत घातलं, आणि ‘आता तू कोनाच्या वावरात वाकायचं नाई’ एवढं बोलून परतीची बस पकडली. सुनयना यावर हसते. म्हणते, “वाकायचं काई सुटलं नाई, बाई. तवा कापसाच्या पऱ्हाटीवर वाकली असती, आता खाटेवर वाकते.”

नवरा हर्षदीप मुधोळच्या शाळेत मास्तर. ती शनिवारी संध्याकाळी तिकडे जाते, सोमवारी सकाळी परत. बाकीचे दिवस माझ्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहते. त्यामुळे तिचं जाणं-येणं, खाणं-न खाणं सगळं मला दिसतं. मी इथल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं काढली; माणूस काम करतं की काम दाखवतं, हे मला लांबून कळतं.

तिची एक पद्धत आहे. नर्स घरी आली की सहसा विचारते, काय दुखतं? आमच्याकडची बाई यावर एकच उत्तर देते: ‘काई नाई.’ पोटात गोळा असो की छातीत, काई नाई. म्हणून सुनयना ते विचारतच नाही. ती ओट्यावर बसते, कोंबड्यांची चौकशी करते, लेकीच्या सासरची करते, आणि मग सहज म्हणते, “एवढ्यात कोनतं काम थांबलं?”

याचं उत्तर लोक देतात. नागनाथ म्हातारा तब्येत ठणठणीत सांगायचा, पण पारावर पत्ते खेळायला जायचा बंद झाला होता. का, तर दर दहा मिनिटांनी उठावं लागायचं आणि धोतर ओलं व्हायचं. एक बाळंतीण म्हणाली, काई नाई, फक्त येनी घालनं थांबलं. हात वर जात नव्हता. छातीत पू धरला होता. सरकारनं नर्सांना फोनवर भरायला रकाने दिलेत, वजनाचा, रक्तदाबाचा, साखरेचा. थांबलेल्या कामाचा रकाना नाही. सुनयनानं तो स्वतःच्या वहीत आखून घेतलाय.

आता देवकाबाई. पासष्टीची, उंच, तिखट तोंडाची. नवरा अमृतराव, मुलगा भारत, सून शुभांगी; आठ एकर वावर, कापूस आणि ज्वारी. दहा वर्षं साखरेचा आजार. त्यानं तळपाय असे बधिर झालेले की निखाऱ्यावर पडले तरी कळू नये. नोव्हेंबरात पऱ्हाटीचं धसकट उजव्या तळव्यात शिरलं, आणि ही बाई त्यावर तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी शुभांगीला चौकात रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कुठे घरात कळलं.

आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात बारा दिवस काढले. जखम साफ झाली, सलाइनमधून औषधं गेली. आठ डिसेंबरला घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: आठ जानेवारीला दाखवा. तोवर जखम वर भरून आली तर ठीक; हाडाकडे गेली तर अर्धं पाऊल काढावं लागेल.

अर्धं पाऊल. गावात परतल्यावर देवकाबाईनं कोणापुढे रडारड केली नाही. मला मात्र एकदाच म्हणाली, “बाई, पाय गेल्याचं नाई वाटत. पन परसाकडे कोन धरून नेईन मले? सून का लेक? त्याच्यापरीस मेलेलं बरं.” एवढंच तिचं भय होतं, आणि मला ते अगदी बरोबर वाटलं. ज्यांना यात काही लहान वाटतं त्यांनी आठ दिवस दुसऱ्याचा हात धरून जाऊन पाहावं.

सुनयना एक दिवसाआड पट्टी बदलायला जाऊ लागली. एक गोष्ट इथे सांगतेच, कारण लोक ती गाळतात. हीच देवकाबाई आधी कित्येक वर्षं सुनयनाला पाण्याचा तांब्या हातात देत नसे. ओट्यावर ठेवून बाजूला व्हायची. सुनयना बौद्ध, आणि देवकाबाई जुन्या वळणाची. सुनयनानं त्यावर कधी शब्द काढला नाही, ती स्वतःची बाटली घेऊन जायची. पायातून पू वाहू लागला तेव्हा मात्र तोच पाय तिच्या मांडीवर बिनदिक्कत ठेवला गेला. मी सुनयनाला म्हटलं, “तुला राग येत नाही?” ती म्हणाली, “येते ना बाई. पन पाय सडून राह्यला, राग थांबू शकते.”

पहिला आठवडा बरा गेला. अकराव्या दिवशी पुन्हा वास आला. जखमेचे काठ पांढरे, मऊ पडलेले, आत पिवळं. औषध चालू, इन्सुलिनची सुई वेळेवर, पट्टी स्वच्छ, मग हे काय? सुनयनानं तिचा प्रश्न विचारला. “काकू, कोनतं काम थांबलं?”

“एक बी नाई,” देवकाबाई ऐटीत म्हणाली. “पाय खाली टेकवत नाई तू सांगतलं तसा. पन बसून सगळं करते.”

त्या दिवशी सुनयना घरी आली ती जेवलीच नाही. पायरीवर बसून वही उलटत राहिली. “आपला हात चुकला असंन,” एवढंच म्हणाली. मला असला पश्चात्ताप सहन होत नाही. मी सांगितलं, उद्या पट्टीचा दिवस नसला तरी जाऊ, आणि सकाळी लवकर जाऊ. देवकाबाईला चार शब्द सुनवावेत असंही माझ्या मनात होतं.

वीस डिसेंबर. आमच्याकडे तेव्हा थंडी अशी पडते की सकाळी कुत्रीसुद्धा चुलीजवळून हलत नाहीत. आम्ही सातला दारात. शुभांगी वेचायला जायच्या तयारीत, अमृतराव बैलांपाशी. आम्हाला पाहून देवकाबाई दचकली आणि उशीखाली काहीतरी सारू लागली. सुनयनानं ते पाहिलं. पट्टी सोडली, चिमट्यानं जखमेवरचा बोळा उचलला आणि तिचा हात तसाच राहिला. बोळ्याला काळसर, हरभऱ्याहून लहान दाणा चिकटलेला.

“काका,” तिनं हाक दिली, “हे पाहा बरं काय हाय.”

अमृतराव आला, वाकला, चिमटा उजेडाकडे धरला. “सरकी हाय,” तो म्हणाला. मग त्यालाच नवल वाटलं. “दवाखान्याच्या कापसात सरकी काऊन?”

देवकाबाई आढ्याकडे बघू लागली.

खाटेमागे माजघराचं दार होतं. ते सुनयनानं ढकललं. आत छताला लागलेला कापूस, यंदाच्या वेचणीचा, भाव चढायची वाट पाहत पडलेला. ढिगाच्या कडेला, खाटेपासून हातभर अंतरावर, एक खळगा. बरोबर एका माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत मावेल एवढा.

मग सगळं बाहेर आलं. सुनयना पट्टी बांधून गेली की देवकाबाई ती सोडायची, नीट घडी करून उशीखाली ठेवायची आणि पाय ढिगात खुपसायची. रात्रभर तसाच. सकाळी सिस्टर यायच्या आधी पुन्हा तीच पट्टी गुंडाळून तयार. पट्टीचा दिवस नसल्यानं आज ती उशिरा जागी झाली होती आणि घाईत पाय नीट झटकला गेला नाही.

“सरकारचा कापूस थो केवढासा,” ती म्हणाली. “चिमटीभर. मीनं म्हनलं, त्या चिमटीनं गुन येते तर खोलीभर कापसानं केवढा येईन. ऊब बी लागते. आन पट्टी पुन्हा बांधत होती मी, तुले वाईट नको वाटाले म्हनून.”

मी तोंड उघडलंच होतं. एवढा राग आला होता की काय बोलले असते देव जाणे. सुनयनानं माझा हात दाबला. “शुभांगी,” ती म्हणाली, “दोन पितळ्या पानी भरून आन.”

दोन पितळ्या ओट्यावर आल्या. सुनयनानं पिशवीतून दवाखान्याचा कापूस काढला, बोटभर. ढिगातला कापूस घेतला, तेवढाच, सरकी काढून. “काकू, पाहा आता.” तिनं दोन्ही बोळे एकाच वेळी पाण्यावर सोडले.

दवाखान्याचा कापूस क्षणभर थरथरला, ओला झाला आणि तळाशी गेला. घरचा कापूस होडीसारखा वर बसून राहिला.

मी बी.ए. झालेली, मुलांना विज्ञानही शिकवलेलं, जन्म कापसाच्या गावात गेलेला. मला हे ठाऊक नव्हतं.

अमृतरावाला पटेना. त्यानं बोळा बोटानं खाली दाबला. तो पुन्हा वर. दुसऱ्या वेचणीतला आणला, वर. तोवर शेजारची सखूबाई भिंतीवरून डोकावत होती. “आमचा बुडन,” ती म्हणाली. “आमची जात अलग हाय, गुंटूरकडची.” पळत जाऊन ओंजळभर घेऊन आली. तोही तरंगला. सखूबाईनं पितळी हलवली, फुंकर मारली, शेवटी पाण्यालाच दोष दिला. ओट्यापुढे दहा-बारा माणसं जमली, वेचायला जायचं विसरून. जो तो आपापला कापूस आणून बुडवून पाहतोय आणि कोणाचाही बुडत नाही.

“त्याच्यात तेल असते,” सुनयना म्हणाली. “मेनासारखं. म्हनून पाऊस पडला तरी बोंडातला कापूस लवकर भिजत नाई. थो पानी घेत नाई तसा पू बी घेत नाई. पू आतल्या आत कोंडते. वरून सरकी, पाला, धूळ, फवारनीचं औषध. काकू, रात्रभर तुमचा पाय त्याच्यात.”

देवकाबाईनं पितळी जवळ ओढून तरंगणारा बोळा उचलला. मग हळूच म्हणाली, “पन्नास वर्सं येचला. आन कापूसच उलटला माह्यावर.”

“उलटला नाई, काकू. हाच उकळून, तेल काढून धुतला का बुडते. हा बुडालेला बी कोनाच्या तरी वावरातलाच हाय.”

मी जे चार शब्द सुनवणार होते त्यानं देवकाबाईनं एवढंच केलं असतं: खळगा आणखी आत केला असता, जिथे आम्हाला दिसणार नाही. आता तिनं स्वतः उशीखालून घड्या काढून दिल्या. सिस्टरनं बदललेल्या जुन्या पट्ट्याही तिनं धुऊन जपल्या होत्या: सहा घड्या, इस्त्री केल्यासारख्या. भारतनं दुपारपर्यंत कापूस समोरच्या गोठ्यात हलवला आणि माजघराला कुलूप घातलं.

मला वाटलं, संपलं. सुनयनाला वाटलं नाही. एकोणीस दिवस राहिले होते, अर्धं पाऊल जायचं भय तसंच होतं, आणि आता पट्टी रोज बदलायला हवी होती. तळवा रोज दोनदा बघायला हवा होता: लाली, सूज, फोड. ती स्वतः चार गावं सांभाळते. रोज दोनदा येणं शक्य नव्हतं. देवकाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शुभांगी आणि भारत सकाळी निघून अंधारात परत. घरात दिवसभर एकच माणूस.

“काका,” सुनयना म्हणाली, “पाय तुमी पाहायचा. पट्टी तुमी बांधायची.”

अमृतराव दोन पावलं मागे सरला. देवकाबाई खाटेवर ताठ बसली. “काय बोलून राह्यली व? नवऱ्याच्या हातानं पाय धून घेऊ? मले नरकात बी जागा देनार नाई कोनी.”

ही अडचण खोटी नव्हती. आमच्या भागात बायको नवऱ्याच्या पाया पडते; नवऱ्याचा हात बायकोच्या पायाला लागला तर पाप तिच्या माथी. लग्न होऊन अठ्ठेचाळीस वर्षं झाली, अमृतरावानं बायकोचा तळवा कधी पाहिला नव्हता. मी म्हणणार होते, सोडा असली खुळं. पण सुनयना गोठ्याकडे गेली.

“काका, बैलाच्या खुरात खडा रुतला का कसं कळते तुमाले?”

“दिसते ना. पाय झाडते थो. आन खूर गरम लागते.”

“रोज पाहता?”

“रोज. संध्याकाळी दोघांचे चारी.”

“म्हंजे आठ खूर पाहता, आन एक पाय नाई.”

अमृतरावाला हसू आवरेना. देवकाबाई मात्र हटेना. “बैल बैल हाय. मी का बैल हाय?”

सुनयनानं पिशवीतून हातमोज्यांचा डबा काढला. एक जोडी काढून अमृतरावाच्या हातात चढवली, बोट बोट ओढून. ती नांगर धरून जाड झालेली बोटं त्या पातळ रबरात मावेनात. सखूबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मग सुनयना देवकाबाईकडे वळली.

“काकू, हा डबा कोनाचा?”

“सरकारचा.”

“मोजा घातला का कातडीले कातडी लागते का?”

“नाई.”

“मंग हा हात काकाचा राह्यला का? हा दवाखान्याचा हात हाय. माह्या हाताले तुमाले पाप लागते का? तसाच हा.”

देवकाबाईनं विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठी घालून, एखाद्या कज्ज्यात कलम शोधणाऱ्या वकिलासारखा. सखूबाईनं मध्येच पिल्लू सोडलं: “मोजा फाटला तं?”

“फाटला का फेकायचा, दुसरा घालायचा,” सुनयना म्हणाली.

“बरं हाय,” देवकाबाई म्हणाली. “पन दार लावून.”

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. काय सांगू किती गंमत होती त्या एकेका दिवसात. अमृतराव सकाळी अंघोळ करून, साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन बसायचा. मोजे, मिठाचं पाणी उकळून गार केलेलं, गॉज, पट्टी, सगळं ओळीनं मांडायचा. पेरणीच्या दिवशी तिफण तपासतो तसं. पट्टी फार घट्ट नको, फार ढिली नको, हे त्याला एकदाच सांगावं लागलं. सुनयनानं पारदर्शक प्लास्टिकवर पेननं जखमेचा काठ काढून ठेवला होता. चार दिवसांनी तेच प्लास्टिक वर धरलं तर रेघ जखमेच्या बाहेर उरलेली. जखम आत आली होती. अमृतरावानं ते प्लास्टिक उजेडाला धरून मला दाखवलं, बांध कोरून वावर वाढलं की माणूस दाखवतो तसं.

आणि सुनयना फक्त पाय बघत नव्हती. वासामुळे शुभांगी ताट खाटेपाशी ठेवून निघून जायची. वास गेल्यावर तिला तिथेच बसून जेवायला लावलं. गोड चहा तोडला, पण चहा तोडला नाही. देवकाबाईचे हात रिकामे राहिले की डोकं फिरतं हे ओळखून तिच्या मांडीवर तूर निवडायला दिली, पाय उशीवर उंच. “पायाचं काम बंद, हाताचं नाई,” म्हणाली. सखूबाई रोज दुपारी तूर निवडायला येऊन बसू लागली, खरं तर गप्पांना.

मग एकतीस डिसेंबर. रविवार, सुनयना मुधोळला. दुपारी अमृतराव माझ्या दारात उभा, अनवाणी, हातात फोन. “सिस्टरले लावून द्या, बाई. पाय गरम लागून राह्यला.”

मी फोन लावला, आवाज मोठा ठेवला.

“कुठं गरम, काका?”

“वरून. बोटांच्या मागं. लाल काई दिसत नाई, पन गरम हाय. दुसऱ्या पायापरीस गरम.”

“मोज्यातून कळलं?”

अमृतरावानं फोन या हातातून त्या हातात घेतला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मोज्यातून कळे ना,” तो शेवटी म्हणाला. “काढला. उलट्या हातानं पाह्यलं. खुराचं पाह्यतो तसं.”

सुनयना लगेच म्हणाली, “बरं केलं. आता हलू नका.”

तिनं मुधोळहून आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. भारत वावरातून धावत आला आणि तासाभरात देवकाबाईला गाडीवरून केंद्रावर सुईला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लाली दिसायच्या आधीच आलात, उद्या आला असता तर आत पसरलं असतं. सुनयना तीन बस बदलून रात्रीच्या आत परत आली, पिशवी न ठेवता तिकडेच गेली. देवकाबाई तिला मोज्याबद्दल काही बोलली नाही. अमृतरावही नाही. तिसऱ्या दिवशी पाय गार झाला.

आठ जानेवारीला आम्ही सगळे गेलो. मी, सुनयना, देवकाबाई, अमृतराव, एका ऑटोत. मला कोणी बोलावलं नव्हतं. घरी बसवलं नसतं. देवकाबाई नवं लुगडं नेसली होती आणि आदिलाबाद येईपर्यंत ‘अर्धं का पूर्न, काय थे एकदाचं सांगून टाकंन’ एवढंच पुटपुटत होती. दवाखान्यात रांग ही मोठी. माझा रक्तदाब त्या रांगेत कोणी मोजला असता तर मलाच भरती केलं असतं.

डॉक्टर तरुण होता, तेलुगू घरातला, आमच्याशी हिंदीत बोलणारा. त्यानं पट्टी सोडली. जखम गुलाबी, ओलसर, रुपयाच्या नाण्याएवढी उरलेली. महिन्यापूर्वी अख्खा तळवा उघडा होता. त्यानं बारीक सळई घेऊन मधोमध टेकवून पाहिली. कुठे आत जाते का, हाड लागतं का. आम्ही चौघं त्या सळईकडे बघत होतो. ती आत गेली नाही. त्यानं हाडाचा फोटो पाहिला, पुन्हा पाय पाहिला, आणि म्हणाला, “काटना नहीं है.”

सुनयनानं मराठीत सांगायची गरज नव्हती. देवकाबाईनं डोळे मिटून घेतले होते, ते तिनं उघडले.

“ड्रेसिंग कौन करता था?” डॉक्टरनं सुनयनाकडे पाहून विचारलं. “आप?”

सुनयनानं पिशवी आवरायला घेतली. तिला उत्तर येत होतं, पण ते तिचं नव्हतं. अमृतराव पंख्याकडे बघत होता. मागे रांगेत वीस माणसं, त्यात बेल्याकडची ओळखीची तोंडं दोन-तीन.

“आमच्या मालकानं,” देवकाबाई म्हणाली. मोठ्यानं, रांगेला ऐकू जाईल असं. “रोज. आन मोजा काढून बी. उघड्या हातानं.”

सुनयनाला हिंदीत सांगावंच लागलं. डॉक्टरनं मान वर केली. “बिना ग्लव्ज? ऐसे कैसे? इन्फेक्शन हो जाता तो?” तो अमृतरावाला रागावू लागला, आणि अमृतराव, ज्याला अर्धं कळत होतं, मान हलवत राहिला, सगळं कबूल असल्यासारखा.

“सिस्टर, त्याले म्हनाव,” देवकाबाई कडाडली, “हात साबनानं धुतला होता. मी पाह्यलं.”

डॉक्टर हसला आणि चिठ्ठी लिहू लागला: पट्टी आणखी सहा आठवडे, साखर दर आठवड्याला, आणि मऊ तळव्याच्या चपला, त्याशिवाय जमिनीवर पाऊल नाही, घरातसुद्धा नाही. चपला मिळतात तिथला माणूस जमिनीवर जाड कागद अंथरून बसला होता. त्यानं विचारलं, कोणत्या पायाची करायची.

“दोन्ही,” सुनयना म्हणाली.

देवकाबाई स्टुलावर बसली. त्यानं आधी डावा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. मग उजवा पट्टीसकट उचलून ठेवायला अमृतराव खाली बसला, आणि देवकाबाई त्याला ओरडली की टाच आधी, टाच आधी.